अनुभव धागा : सुलोचनादीदी तुमच्या घरात कशा आल्या?

खसताटी

अभिनेत्री सुलोचना लाटकरांचं नाव काढलं की नागपुरात दोन वेगवेगळी उत्तरं येतात. महालात किंवा सक्करदऱ्यात विचारा, 'मोलकरीण', 'एकटी', 'वहिनीच्या बांगड्या' अशी यादी सुरू होते. सदरला किंवा जरीपटक्यात विचारा, 'अरे, वो देव आनंद की माँ!' १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी इथे एकाच गल्लीत वाढल्या, त्यामुळे दीदींच्या दोन्ही कारकिर्दी आपल्याकडे शेजारशेजारच्या टॉकीजमध्ये चालल्या. कोल्हापूर-पुण्याला त्या आधी मराठी नायिका म्हणून भेटल्या, हिंदी पट्ट्याला थेट आई म्हणून. आपल्याला दोन्ही एकदम.

धागा काढायचं कारण सांगते. ४ जून २०२३ ला दीदी गेल्या. त्यानंतर मी वाचलेले बहुतेक लेख 'पडद्यावरची सोज्वळ, सोशिक आई' इथवर येऊन थांबले. मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. मराठी-हिंदी मिळून अडीचशेच्या वर चित्रपट केलेल्या बाईचं काम दोन विशेषणांत कसं मावेल?

थोडी उजळणी. जन्म ३० जुलै १९२८, बेळगाव जिल्ह्यातलं खडकलाट गाव. कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये अगदी किरकोळ कामांपासून सुरुवात, आणि तिथे सोबतीला होत्या लहान वयाच्या लता मंगेशकर. मग भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. 'सुलोचना' हे नाव भालजींनीच दिलं. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो स्टुडिओ जळला, 'मीठ भाकर' आगीत गेला, भालजींनी तो पुन्हा उभा केला आणि १९४९ मध्ये लोकांपुढे आणला. दीदी त्या चित्रपटात आहेत. पुढची दहा वर्षं त्या मराठीत नायिका होत्या. पद्मश्री १९९९ ला मिळाली, महाराष्ट्रभूषण २००९ चा.

१९५९ पाशी मी नेहमी अडते. त्या एका वर्षात 'सुजाता'त त्या नूतनला वाढवणारी आई आहेत आणि 'दिल देके देखो'मध्ये शम्मी कपूरची आई. नूतन त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान, शम्मी कपूर तीन. पुढे १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये देव आनंद आणि प्राण त्यांची मुलं झाले. देव आनंद त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे होते, प्राण आठ. म्हणजे आपण जिला म्हातारी आई म्हणून ओळखतो ती बाई १९५९ मध्ये एकतिशीत होती, आणि तरी टॉकीजमधल्या कुणालाही शंका आली नाही. हे मला फार मोठं काम वाटतं. केसांना पांढरा रंग लावून ते साधत नाही.

तर लिहा. 'किती गोड हो' एवढ्यावर थांबू नका. कोणता चित्रपट, कोणता प्रसंग, घरातलं कोण काय म्हणालं, त्यानं काय बदललं, हे लिहा. वाद घालायचा असेल तर जरूर घाला.

बर्डीवाली

माझी आजी रामदासपेठेतल्या चार घरी धुणीभांडी करायची. तिनं 'मोलकरीण' पाहिला तो मे महिन्यात. दुपारी तीनच्या खेळाला जायचं, कारण घरी पत्रे तापलेले आणि टॉकीजमध्ये कूलर. अर्ध्या बायका सावलीसाठी आलेल्या असायच्या असं ती सांगे.

गोष्ट माहीत असेलच. मुलगा शिकून मोठा होतो, आणि आई त्याच्याच घरी मोलकरीण म्हणून राबते. बाकीच्या बायका रडल्या. आजी रडली नाही. ती बाई काम कसं करते हे बघत होती. घरी येऊन म्हणाली, 'हिनं खरंच भांडी घासली आहेत कधीतरी. पदर कामाला खोचते, दाखवायला नाही.' पुढे कितीतरी वर्षं दुसऱ्या कुठल्या नटीनं पडद्यावर झाडू धरला की आजी लगेच निकाल द्यायची, जमलं की नाही जमलं. सगळ्यांना एकच माप लावायची, सुलोचनाबाईंचं.

त्यातलं 'देव जरी मज कधी भेटला' हे आशाबाईंचं गाणं, ज्यात आई देवाकडे सगळं बाळासाठीच मागते, आमच्याकडे मात्र चालायचं नाही. रेडिओवर लागलं की आजी म्हणायची, 'देवानं विचारलं तर मी आधी महिन्याचा पगार वाढवून मागेन, मग पोराचं बघू.' हे ती अगदी गंभीरपणे म्हणायची. चित्रपट तिला आवडला होता, गाण्यातलं मागणं पटलं नव्हतं, आणि या दोन्हींत तिला काही अडचण वाटत नव्हती.

सक्करदऱ्याचा पोट्टा

माहा बाप एम्प्रेस मिलमंदी होता, माय घरी बिड्या वळे. आमी सा भावंडं. बापाची पाळी सुटली का कदीमदी दोघं पिच्चरले जात, आमाले आजीपाशी सोडून. 'प्रपंच' त्याइनं तसाच पायला. त्याच्यात कुंभाराचं घर हाये, अमर शेख कुंभार आन् सुलोचना त्याची बायको. घरात लेकरंच लेकरं, आन् भाकरी पुरत नाई.

बाप 'फिरत्या चाकावरती' गानं गुणगुणत घरी आला. माय काईच बोलली नाई. राती मंग बापाले म्हने, 'ते बाई रडत नाई, मनातल्या मनात हिशोब करते. कोनाले अर्धी, कोनाले पाव. मी रोज तेच करतो.' माही मोठी बहीण जागीच होती, तिनं आयकलं. तिच्याच तोंडून हे आमाले कळलं.

त्याच्यानंतर मायनं ठरवलं का आता बस. सहाव्यानंतर सातवं आलं नाई. आता पिच्चरनंच झालं का दवाखान्यातल्या नर्सबाईनं समजावलं म्हनून झालं, दोनी असंन. पन माय नाव सुलोचनाबाईचंच घे. म्हने, नर्सबाई सांगत होती ते कानात गेलं, आन् त्या बाईच्या तोंडाकडं पायलं तवा पोटात गेलं.

खसताटी

'रडत नाही, हिशोब करते.' दीदींच्या अभिनयाबद्दल इतकं नेमकं मी कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही.

निळाई

मी 'सुजाता'बद्दल लिहिते. आमचं घर नागपुरातल्या इंदोऱ्यात. वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, तेव्हा विशीतले. त्यानंतर तीन वर्षांत हा चित्रपट आला. अस्पृश्य घरात जन्मलेली मुलगी ब्राह्मण इंजिनिअरच्या घरी वाढते, ही गोष्ट ऐकून वस्तीतली पोरं ठरवून बघायला गेली. परत येताना चौकाचौकात वाद. वडिलांचा मुद्दा ठाम होता. आईला रक्ताची गरज पडते, सुजाताचं रक्त जुळतं आणि मग आई तिला मनापासून स्वीकारते. वडील विचारायचे, रक्त जुळलं नसतं तर? आमच्या मुलींनी माणूस ठरण्यासाठी आधी कुणाचा तरी जीव वाचवायचा का? तो प्रश्न मला आजही बरोबर वाटतो.

माझ्या आईचं बोलणं वेगळं होतं. ती शाळेत शिक्षिका होती. एक सहकारी बाई तिला सणावाराला आग्रहानं जेवायला बोलवायच्या, आमटी वाढताना 'घ्या हो' म्हणायच्या, आणि पाण्याचा ग्लास वेगळा ठेवायच्या. आई सांगायची की वाईट माणसाशी भांडता येतं, पण अशा बाईंशी कसं भांडायचं हे तिला कधी कळलं नाही. 'सुजाता'तली आई, चारू, पाहिली आणि तिला त्या बाई दिसल्या. चारूनं पोर तान्हेपणापासून वाढवलेलं आहे, तिचा जीव आहे त्या पोरीवर. पण पाहुण्यांसमोर ओळख करून देताना ती 'मुलीसारखी' म्हणते, मुलगी म्हणत नाही.

सुलोचनाबाईंनी चारूला खलनायिका केलं नाही. ते फार सोपं होतं. ललिता पवार त्याच चित्रपटात आहेत, कर्मठपणाचा सगळा भार त्यांच्याकडे आहे आणि प्रेक्षक त्यांच्यावर हक्कानं चिडतो. चारूवर चिडता येत नाही. ती हसून, मायेनं, पोरीच्या अंगावर पांघरूण घालणाऱ्या हातानंच तिला दूर ठेवते. भल्या माणसाच्या मनात जात कशी राहते हे मला पुस्तकांच्या आधी या बाईंच्या चेहऱ्यानं शिकवलं. 'सोज्वळ' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की तो सोज्वळपणा इथे किती भयंकर आहे ते एकदा नीट बघा.

आईवडील दोघंही आता नाहीत. त्यांचा हा वाद आमच्याकडे भावंडांत चालू आहे.

जरीपटका ३२

मी सिंधी आहे, मराठी भाषा मित्रांमुळे शिकलो. माझी दादी १९४७ नंतर नागपूरला आली. फाळणीत तिचा धाकटा भाऊ स्टेशनवर सुटला, तो परत भेटला नाही. 'जॉनी मेरा नाम' लोक हेमा मालिनी आणि गाण्यांसाठी बघतात. दादी शेवटासाठी बघायची, लहानपणी वेगळे झालेले दोन भाऊ आणि त्यांची आई. हरवले-सापडले प्रकारच्या सिनेमाला पुष्कळ लोक हसतात. आमच्या घरी त्याला कुणी हसत नसे. दादीला नटीचं नाव माहीत नव्हतं, ती 'वो शांत वाली' म्हणायची. या धाग्यामुळे मी तिला यूट्यूबवर 'मोलकरीण'मधला एक तुकडा दाखवला. भाषा कळली नाही, तरी संपेपर्यंत बघितला.

आसावरी

सगळ्यांचं लिहिलेलं आवडलं, तरी मला विरोध नोंदवायचा आहे. मी हौशी रंगभूमीवर काम करते, म्हणजे अभिनयाचं कौतुक मला कळतं. पण सुलोचनाबाईंच्या मराठी भूमिकांनी आमच्या घरातल्या बायकांचं नुकसान केलं असं माझं मत आहे.

'वहिनीच्या बांगड्या' १९५३ चा. य. गो. जोशींची कथा, दिराला आईसारखं वाढवणारी वहिनी. माझ्या लग्नानंतर सासूबाईंनी तिचा दाखला मला किती वेळा दिला असेल! दीर बाहेरगावी शिकत होता, त्याच्या फीसाठी माझ्या पाटल्या मोडायच्या होत्या. मी नाही म्हटलं. तेव्हा 'ती वहिनी बघ आणि तू बघ' हे वाक्य मला भर पंगतीत ऐकावं लागलं. पडद्यावरची बाई इतकी गोड, इतकी खरी वाटली नसती तर ते उदाहरण इतकं धारदार झालं नसतं. चांगल्या अभिनयाचीसुद्धा किंमत मोजावी लागते, आणि ती मोजते प्रेक्षागृहातून घरी गेलेली सून.

जुनं रीळ

आसावरीताईंचं दुखणं समजतं. पण बाईंनी फक्त त्यागच केला असं म्हणणं मला मान्य नाही. १९५४ चा भालजींचा 'महाराणी येसूबाई' बघा, १९६४ च्या 'मराठा तितुका मेळवावा'मधली जिजाबाई बघा. तिथे ही बाई हुकूम देते.

अडचण अशी की आपल्याकडे ते चित्रपट पुरेसे पोचलेच नाहीत. माझे वडील चित्रपट वितरणाच्या धंद्यात होते, म्हणून हे माहीत आहे. राज्य १९६० ला एक झालं, सिनेमाचा नकाशा झाला नाही. धंद्यात वितरणाचे विभाग पाडलेले असतात, त्यांना सर्किट म्हणतात. विदर्भ मुंबई सर्किटमध्ये येत नाही, सीपी-बेरार (जुना मध्य प्रांत-वऱ्हाड) सर्किटमध्ये येतो, आणि त्या सर्किटच्या संघटनेचं मुख्यालय भुसावळला. म्हणजे मराठी चित्रपटाला विदर्भात यायचं तर इथल्या वितरकानं तो वेगळा विकत घ्यायचा. हिंदी चित्रपट सबंध सर्किटभर चालायचा, मराठी फक्त अर्ध्या भागात. पैसा लावणारा विचार करायचा. तोपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात प्रिंट झिजून गेलेली. आमच्या हाती ती यायची तेव्हा पडद्यावर सतत ओरखड्यांचा पाऊस, मधली वाक्यं गायब, आणि ऑपरेटरच्या हातात सतत कात्री आणि फिल्म जोडायचं सिमेंट.

मग कोणता मराठी चित्रपट घ्यायचा? जो बायका तीनच्या खेळाला हमखास भरतील तो. कौटुंबिक, रडवणारा. ऐतिहासिकही यायचे, पण कमी दिवस राहायचे. नागपूरनं सुलोचनाबाईंची जी मूर्ती मनात धरली तिच्यात या हिशेबाचा मोठा वाटा आहे. आसावरीताईंच्या सासूबाईंनी 'येसूबाई' पाहिलाच नसेल.

वडिलांच्या तोंडचं एक अजून. ते म्हणायचे, सुलोचनाबाई असल्या की आवाज वाढवावा लागत नाही. प्रिंट घासलेली असली की इतर नटनट्यांचे संवाद खरखरीत बुडायचे. बाईंचा आवाज हळू, पण उच्चार इतका सुटा की मागच्या बाकावर पोचायचा.

मनीषनगर एक्स्प्रेस

एक विचारू? लावणीवाल्या सुलोचना त्या याच का? घरी सगळे 'हो' म्हणतात.

खसताटी

नाही. लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण वेगळ्या, त्या गायिका, डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या. मूकपटाच्या काळातल्या रूबी मायर्स यांचंही पडद्यावरचं नाव सुलोचना होतं, त्यांना १९७३ चा फाळके पुरस्कार मिळाला. आपल्या धाग्यातल्या सुलोचना लाटकर तिसऱ्या.

वॉर्ड नंबर नऊ

मी परिचारिका आहे, शासकीय रुग्णालयात. आमच्या घरी रेडिओ म्हणजे आकाशवाणी नागपूर, सकाळी उठल्यापासून. 'एकटी'तलं 'लिंबलोण उतरू कशी' लागलं की आई हातातलं काम सोडत नसे, पण बोलणं थांबायचं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, सुमन कल्याणपूरांचा गळा, आणि डोळ्यांपुढे मात्र चेहरा सुलोचनाबाईंचा. दादा हैदराबादला नोकरीला गेला त्या वर्षी आईनं ते गाणं लागल्यावर रेडिओ बंद केला. कुणी विचारलं नाही.

वॉर्डात मी अशा पुष्कळ आया बघते. मुलगा बाहेर आहे, फोन येतो, पैसे येतात, आणि सलाइन संपत आलं हे सांगायला शेजारच्या खाटेवरची बाई लागते. या बायका स्वतःबद्दल विचारलं की मुलाच्या बढतीबद्दल सांगतात. तेव्हा चेहऱ्यावर जे येतं त्यात अभिमान आणि दुखावलेपण इतकं मिसळलेलं असतं की वेगळं काढता येत नाही. 'एकटी'त सुलोचनाबाईंनी नेमकं तेच धरलंय, आणि मुलाच्या भूमिकेतले काशिनाथ घाणेकर समोर असताना तर जास्तच. आसावरीताई, तुमचं म्हणणं खरं आहे. पण मला त्या चित्रपटानं त्याग करायला शिकवलं नाही. मी आईला बढतीच्या पुढचा प्रश्न विचारायला शिकले.

प्रथमवर्ष

मी एकोणीस वर्षांचा आहे. आजीनं बसवलं म्हणून 'सुजाता' पाहिला. जुना सिनेमा म्हणजे मोठमोठ्यानं बोलणं असेल असं वाटलं होतं. तसं काहीच नाही. निळाई यांनी लिहिलंय ते वाचून परत बघणार आहे.

आसावरी

जुनं रीळ, तुमचा सर्किटचा मुद्दा मला नवा होता आणि त्यानं विचार करायला लावलं. सासूबाईंनी 'येसूबाई' खरंच पाहिलेला नाही, मी विचारलं. माझी तक्रार मी मागे घेत नाही. फक्त तिचा पत्ता वाढवते. वर्षानुवर्षं एकच प्रकारची बाई पडद्यावर मागणारे आम्ही प्रेक्षक, ती विकणारे वितरक, आणि 'माँ'च्या पलीकडे काही लिहून न देणारे हिंदीवाले, सगळ्यांकडे ती जाते. बाईंकडे तलवार धरण्याची ताकद होती आणि आपण तिच्या हातात निरांजन ठेवलं. नटी म्हणून मला याचं खूप वाईट वाटतं.

महालातल्या बाई

मी महालातल्या शाळेत मराठी शिकवते. उशिरा आले, पण हे लिहिल्याशिवाय राहवेना. जुनं रीळ यांनी बाईंच्या उच्चाराबद्दल लिहिलं. खडकलाटची ही मुलगी कोल्हापूरला आली तेव्हा तिची बोली गावाकडची, सीमाभागातली होती. भालजींनी तिच्याकडून वाचन करून घेतलं, भाषा घासून घेतली, आणि त्यातून जिजाबाईंचा तो खणखणीत आवाज तयार झाला. ही मेहनत मी मुलांना अभिमानानं सांगते.

पण माझ्या वर्गातली अर्धी मुलं 'मले', 'तुले', 'जाऊन राहिलो' बोलतात, आणि स्पर्धेला गेली की परीक्षक पहिल्यांदा तेच कापतात. त्यांना मी काय सांगू? तुमचीही भाषा घासा? मोठ्या भूमिकेसाठी बोली सोडावीच लागते का? यंदा स्नेहसंमेलनात एका मुलीला जिजाऊ करायची आहे. ती सक्करदऱ्याकडचीच आहे. मी तिला प्रवेश दोन्ही प्रकारे म्हणायला लावला, आधी प्रमाण मराठीत, मग तिच्या घरच्या बोलीत. बोलीतली जिजाऊ जास्त करारी निघाली. आता तीच रंगमंचावर जाणार, परीक्षकांना काय वाटायचं ते वाटो.

सक्करदऱ्याचा पोट्टा, तुमच्या आईचं ते हिशोबाचं वाक्य मला वर्गात वापरायचं आहे. चालेल का?

सक्करदऱ्याचा पोट्टा

वापरा ना मॅडम, बिनधास्त. फक्त आमच्याच भाषेत सांगा, शुद्ध करू नोका. आन् त्या पोरीचा कार्यक्रम कोन्या दिवशी हाये ते कळवा, बहिनीले घेऊन येतो.